खाड्याचं तेल

सांगली,
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामांस,

पृथ्वीराजचा साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही नुसतं "व्हय व्हय" म्हणता, म्हणून पत्र लिहायला बसलो. मागच्या खेपेला मी साखर वाढलीय म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "बरं झालं, शेजारीपाजारी वाट." ती साखर रक्तातली होती, मामा.

डॉक्टर म्हणाले, अजून गोळी नको, पण रोज व्यायाम करा. मी लगेच विश्रामबागला जिम लावली. वर्षाची फी एकदम भरली, म्हणजे पैसे वाया जातील या धास्तीनं तरी जाईन. पहिला आठवडा गेलोही. मग कुपवाडला वर्कशॉपमध्ये पंपाच्या शाफ्टची मोठी ऑर्डर आली, लेथवरचे दोघे गावाला गेले आणि मलाच मशीनवर उभं राहावं लागलं. एक दिवस चुकला, मग दुसरा, आणि पुढचे मोजायचं सोडून दिलं.

गंमत म्हणजे माझा रोजचा रस्ता त्या जिमवरूनच जातो. तिथला ट्रेनर दारात उभा असतो. नुसता हात करतो. त्याच्या त्या हात करण्याला भिऊन मी आता रेल्वे पुलाकडून वळसा घालून जातो. त्या वळशात जेवढा वेळ जातो तेवढ्यात निम्मा व्यायाम झाला असता, हे मला कळतं. पण गाडी पुलाकडेच वळते.

व्यायाम बुडाल्याचं एवढं काही नाही, त्याची टोचणी वाईट. भाकरीचा तुकडा मोडला की टोचते, बुटाची लेस बांधायला वाकलो की टोचते. बाबा गेल्यावर तुम्ही मला मेढ्याला आणलंत, दहावीपर्यंत तुमच्या तालमीत वाढवलंत. हंबीररावांचा भाचा आणि जिमला घाबरून वळसा घालतो! सांगायचीही लाज वाटते. तालमीत कुणाचा दिवस चुकला तर त्याच्या मनाचं तुम्ही काय करायचात, तेवढं कळवा.

मामींना नमस्कार.

तुमचा,
पृथ्वीराज

*

मेढा,
१४ जानेवारी २०२५

चि. पृथ्वीराजास अनेक आशीर्वाद.

आज संक्रांत. तिळगूळ घे, पण एकच. तू आधीच पुरेसा गोड झालेला दिसतोस.

तुझं पत्र पोचलं. टोचणी लागली हे चांगलं लक्षण आहे. ज्याला टोचत नाही तो मेलेला तरी असतो नाहीतर पुढारी तरी. मी फौजेत होतो तेव्हा आमच्या पलटणीत खाडा करणाऱ्याच्या मनाची चौकशी कुणी करत नसे. त्याच्या पाठीवर वजनाचा पिठ्ठू देऊन त्याला पळवत असत. दोन फेऱ्यांत मन आपोआप जागेवर येई.

तालमीची रीत मात्र वेगळी आहे. तू लहान होतास म्हणून विसरला असशील. ज्याचा खाडा पडला त्यानं कुस्तीच्या हौद्याच्या मातीला काहीतरी द्यायचं. तेल, हळद, ताक, लिंबं, कापूर, जे जमेल ते. याला आम्ही खाडा भरणं म्हणतो. मातीला दिलं की माती माफ करते आणि गडी दुसऱ्या दिवशी हलक्या मनानं जोर मारायला येतो. ही रीत माझ्या आज्यानं घातली. अर्थात तुझा खाडा इथं भरायची वेळ तू येऊ देणार नाहीस, अशी खात्री आहे.

आणखी एक. व्यायाम धरायचा तर आधी खुराक धर. भिजवलेले बदाम, म्हशीचं दूध, गावरान तूप. डॉक्टरला सांगू नकोस. ते लोक शिकतात खूप, पण खुराक म्हटलं की त्यांच्या पोटात दुखतं.

तुझी साळूमामी आठवण काढते. भाचेसुनेला आशीर्वाद.

हंबीरराव

*

सांगली,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमच्या पत्रानं डोळे उघडले. खुराक त्याच दिवशी सुरू केला आणि सांगायला आनंद वाटतो की एक दिवसही चुकलेला नाही. व्यायामाचंही आता मार्गी लागलंय म्हणायला हरकत नाही. संयोगितानं मला मनगटी घड्याळ घेऊन दिलं होतं, जे माणूस किती हलला ते मोजतं. ते घड्याळ आता रोज संध्याकाळी मला शाबासकी देतं. कालच त्याच्यावर फटाके फुटताना दिसले.

साताऱ्याच्या एसटीतून तेलाचा एक डबा पाठवला होता तो मिळाला असेल. गेल्या आठवड्यात हळद आणि कापूर पाठवला, आज पुन्हा तेल पाठवतोय. त्यात विशेष काही नाही, सहज आपलं. तालमीचे उपकार आहेत, माणसानं विसरू नये.

ऑर्डर अजून संपलेली नाही. त्यामुळं इकडं तारांबळ आहे, पण मन शांत आहे. तुमचा तो उपाय खरंच रामबाण निघाला.

तुमचा,
पृथ्वीराज

*

मेढा,
२ मार्च २०२५

चि. पृथ्वीराजास अनेक आशीर्वाद.

तेल मिळालं, हळद मिळाली. पुन्हा तेल मिळालं. लिंबाचं पोतं मिळालं. परवा पुन्हा तेल आलं. आता डबे ठेवायला साळूनं माजघर रिकामं केलंय. नानासो परवा पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "हंबीरराव, तुमचा भाचा पैलवान हाय का तेलाचा घाणा वो?" मी म्हणालो, "दोन्ही हाय." छाती फुगली माझी. स्वतः रोज व्यायाम करायचा आणि वर मातीलाही द्यायचं, असं माणूस हल्ली कुठं बघायला मिळतं?

तुझ्या देणगीनं तालमीला कळा आली. माती लोण्यासारखी मऊ झालीय. जी पोरं पारावर मोबाईल घेऊन बसायची ती आता हौद्यात लोळतात. नानासोचा पुतण्या रविराज, जो इथं शाळेवर मास्तर आहे, तो तर रोज येतो. महिन्याभरात अंग असं भरलंय की शर्टाची बटणं लागत नाहीत.

आता मुद्द्याचं लिहितो. चैत्री पौर्णिमेला आपली जत्रा. सलामीची पहिली जोड आपल्या घराची आणि नानासोच्या घराची असते, हे तुला माहीत आहे. या दोन घरचे गडी एकमेकांना भिडल्याशिवाय पुढची कुस्ती लागत नाही. कोण जिंकतो याला किंमत नाही, पण घरचा माणूस मातीत उतरला पाहिजे. नाही उतरला तर त्या घराचा मान गेला, आणि गेलेला मान परत मिळत नाही. माझे गुडघे गेल्यापासून दोन वर्षं गावानं नुसत्या हात मिळवण्यावर भागवून घेतलं. यंदा नानासो म्हणाला, "औंदा गडी दावा, न्हाईतर मान सोडा."

मी तुझं नाव दिलंय. मला मूलबाळ नाही, भाचा तो घरचाच. फ्लेक्सही लागला एसटी स्टँडसमोर. "पै. पृथ्वीराज" असं लांबून वाचता येतं. समोर रविराज आहे.

तालमीच्या पोरांना वाटतं तू एका हातानं त्याला उचलशील. मी त्यांना म्हणालो, असं बोलू नये, मास्तरला वाईट वाटेल.

हंबीरराव

*

सांगली,
८ मार्च २०२५

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचून ऊर भरून आला. पण मामा, आपण जरा सबुरीनं घेतलं तर?

एक तर माझा उजवा खांदा थोडा धरलाय. अतिव्यायामानं होतं म्हणतात असं. दुसरं, मार्च अखेर. हिशेबाची कागदपत्रं, तपासणीवाले, गिऱ्हाईकांची घाई. तिसरं, संयोगिताच्या चुलत मावशी बऱ्याच थकल्या आहेत आणि ऐन जत्रेत काही कमीजास्त झालं तर सुतकात मातीत उतरणं बरं दिसणार नाही. त्या तशा खुटखुटीत आहेत, पण वय कुणाच्या हातात असतं?

व्यायाम उत्तम चालू आहे, त्याबद्दल शंका नसावी. पण तरण्या पोरांची संधी आपण घेणं मला प्रशस्त वाटत नाही. फ्लेक्स काढता येतो का ते बघा. निदान माझ्या चेहऱ्यावर दुसऱ्या कुणाचा चिकटवता येईल.

तुमचा,
पृथ्वीराज

ता. क. सोबत तेलाचे दोन डबे पाठवतोय.

*

सांगली,
१० मार्च २०२५

तीर्थरूप मामांस,

संयोगिताचा नमस्कार. हे पत्र ह्यांच्या अपरोक्ष लिहितेय, तेव्हा रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

मामा, ह्यांनी जानेवारीपासून एक जोरही मारलेला नाही. तुम्हाला आलेला तेलाचा प्रत्येक डबा म्हणजे ह्यांचा खाडा आहे. पहिला डबा पाठवला त्या रात्री शांत झोपले. मग लक्षात आलं की जिमला जाण्यापेक्षा एसटी स्टँडवर जाणं सोपं आहे. हळूहळू आधी डबा पाठवायचा आणि मग निवांत खाडा करायचा, इथपर्यंत प्रगती झाली. तुमची तालीम बरी चाललीय ती ह्यांच्या आळसावर.

घड्याळाचं म्हणाल तर ते वर्कशॉपमधल्या शेपर मशीनला बांधलेलं असतं. मशीनचा तो दांडा दिवसभर पुढं-मागं करतो आणि संध्याकाळी शाबासकी मिळते ह्यांना. मी एकदा जेवणाचा डबा द्यायला गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. खुराक मात्र खरा आहे. बदाम, दूध, तूप, काही चुकत नाही. तुमच्या आशीर्वादानं पँटी दोनदा सैल करून झाल्या.

फ्लेक्सचा फोटो इथं सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतोय. चेहरा ह्यांचा आहे. त्याखालचं अंग कुणाचं आहे ते देवाला ठाऊक. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला तरी ते अंग पाहिल्याचं आठवत नाही.

पण मामा, ते आळशी नाहीत हो. सकाळी उठल्यापासून मशीनपाशी असतात, कामगार आला नाही की स्वतः उभे राहतात, रात्री जेवताना ताटावर पेंगतात. मला भीती वाटते ती दुसरीच. टोचणी एसटीत घालून मेढ्याला पाठवता येते, साखर पाठवता येत नाही. ती वाढतेच आहे. आणि तुमच्या नजरेतून उतरू या भीतीनं ते खरं बोलत नाहीत. तेवढं नाव काढा. त्यांची लाज झाकली जाईल.

आपली,
संयोगिता

*

मेढा,
१६ मार्च २०२५

चि. सौ. संयोगितास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा त्या घड्याळाच्या ठिकाणी हसू आलं आणि हसल्याबद्दल पुन्हा राग आला. खाड्याचं मला काही नाही, पोरी. माझ्याशी तो खोटं बोलला ते लागलं. लहानपणी माझ्याजवळ पडून झोपायचा तो. मला पत्रात सांगितलं असतं, "मामा, जमत न्हाई," तर मी काय त्याला खाणार होतो?

नाव मात्र आता काढता येत नाही. गावासमोर दिलेला शब्द आहे. तो नाही आला तर मी उतरेन. लंगोट धुऊन वाळत घातलाय. साळू म्हणाली, "आवं, गुडघ्यात वाटी ऱ्हायली न्हाई आन् लांग कुठं लावताय?" साताऱ्याच्या डॉक्टरनंही जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय. पण हौद्याला जिना नाही.

त्याला यातलं काही कळवू नकोस. आला तर त्याच्या मनानं येऊ दे.

हंबीरराव

*

सांगली,
२३ मार्च २०२५

तीर्थरूप मामांस,

तुमचा लंगोट दोरीवरून काढून घडी घालून पेटीत ठेवा. मी येतोय.

संयोगितानं मला फक्त लंगोटाचं सांगितलं. तिनं तुम्हाला काय काय कळवलं ते मी विचारलं नाही, तुम्हीही मला विचारू नका. तीन आठवड्यांत कुणी पैलवान होत नाही एवढं मला कळतं. आज सकाळी पुलाकडून न जाता जिमवरून गेलो. आत गेलो नाही. ट्रेनरनं हात केला, मीही केला. उद्याचं उद्या बघू.

तुम्ही मातीत उतरायचं नाही. मामींनाही सांगून ठेवतोय.

पृथ्वीराज

*

मेढा,
१५ एप्रिल २०२५

चि. पृथ्वीराजास आशीर्वाद.

जत्रेच्या संध्याकाळी कुणाला न सांगता, न जेवता एसटीत बसलास. साळूनं तुझ्यासाठी वेगळं ताट वाढून ठेवलं होतं. म्हणून जे तोंडावर बोलायचं होतं ते लिहावं लागतंय.

मान राहिला. नानासो उठून माझ्या गळ्यात पडला. हरलास याबद्दल गावात कुणी अवाक्षर काढलं नाही. फ्लेक्सवरचा गडी कुठं गेला असं तेवढं एक-दोघांनी विचारलं. हलगी वाजली, तू मातीला हात लावून कपाळाला लावलास, तेव्हा माझे डोळे भरले. रविराजानं तुला जे उचलून ठेवलं ते तर झोपलेलं पोर पाळण्यात ठेवावं तसं. त्याच्या अंगात तुझंच तेल मुरलंय, तेव्हा एका अर्थी तूच तुला पाडलंस.

ते सगळं ठीक. मी लिहितोय ते त्याच्या नंतरचं. मैदानातून घरी यायच्या त्या चढावर तू किती वेळा थांबलास? शेवटी मी तुझा हात धरला. बिनवाटीच्या गुडघ्याचा म्हातारा एकेचाळीस वर्षांच्या भाच्याला वर ओढत होता आणि तू मला म्हणत होतास, "मामा, सावकाश." लोक बघत होते. मला लोकांची लाज वाटली नाही. मला भीती वाटली, पृथ्वी.

मान बिन सगळं तुला बोलावण्यापुरतं. माझं खरं काम वेगळं आहे. मला मुलगा नाही. माझ्या तिरडीचा पुढचा खांदा तुझा. आपलं मसणवट वेण्णेच्या काठाला, वाट खडकाळ आणि उताराची, तू पाहिलीच आहेस. तिथं मला मध्येच खाली ठेवून तू दम खात बसणार असशील तर आत्ताच कळव, मी दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवतो. रविराज तयार होईल. पण मला तो नको.

एवढं ध्यानात ठेव. त्या दिवशी खाडा चालायचा नाही, आणि तेलाचा डबा पाठवून तो भरताही यायचा नाही.

खुराक बंद कर. ती माझी चूक झाली. डॉक्टर बरोबर होता.

हंबीरराव

*

सांगली,
४ मे २०२५

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र वाचून मला संताप आला. आठ दिवस ते ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलं. मग संयोगितानं काढून वाचलं, मोरीत जाऊन रडली आणि बाहेर येऊन हसायला लागली. "बिनवाटीच्या गुडघ्याचा" म्हणते आणि पदर तोंडाला लावते. मग मीही हसलो, आणि हसता हसता माझंही वेगळंच काहीतरी झालं. म्हणून आज लिहायला बसलो.

तुम्हाला मैदानातलं बाहेरून दिसलं, आतलं सांगतो. रविराजनं मान धरल्या धरल्या माझा श्वास कोंडला. तो माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, आदी दम घ्या. घाई न्हाई. मग पाडतो." इतकं आदरानं मला आयुष्यात कुणी पाडलेलं नाही. मी एसटीत बसलो तो हरलो म्हणून नव्हे. तुम्ही पाठीवर थाप मारलीत आणि काहीच बोलला नाहीत, तुम्हाला सगळं माहीत होतं आणि तरी बोलला नाहीत, ते मला सोसलं नाही. मामा, मी तुमच्याशी खोटं बोललो. चुकलं.

आता खरं तेच लिहितो. मी रोज जात नाही. आठवड्यात जमतं तेवढं जातो, ऑर्डर आली की पुन्हा मोडतं. पुलाकडचा रस्ता सोडलाय. घड्याळ शेपरवरून काढून हातात बांधलं, तर आता ते दिवसभर माझी निंदा करतं. खाडा पडला की टोचतं. टोचू देतो. कुणाला काही पाठवत नाही, दुसऱ्या दिवशी जातो. कधी तिसऱ्या. सध्या एवढीच मजल आहे, आणि यापुढं फार मोठी होईल असं तोंड भरून सांगत नाही.

परवा वर्कशॉपमध्ये शाफ्टची भरलेली पेटी मी आणि एका कामगारानं उचलून दारापर्यंत नेली. तुमच्यापेक्षा हलकीच असेल. तीही मध्ये एकदा ठेवावी लागली. तेव्हा तुम्हाला स्पष्ट सांगतो, गैरसमज नको. आजच्या घडीला तुम्ही मला पेलवत नाही. तयारी व्हायला वेळ लागेल, दोन वर्षं, पाच वर्षं, कुणी सांगावं. रविराजला किंवा आणखी कुणाला सांगून ठेवायचं नाही. तो खांदा माझा आहे. आणि मी तयार आहे असं माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तुम्ही कुठंही जायचं नाही. घाई करणारे तुम्ही आहात, म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

मामींना नमस्कार सांगा. आणि मामा, तेवढं वजन वाढवू नका.

तुमचा भाचा,
पृथ्वीराज